एक थाप, दोन थापा

हिलालचे कान यंत्रमागांच्या खडखडाटाने खाल्ले होते. कारखान्यात त्याचं कधी अडलं नाही, कारण तिथे सगळेच हातांनी बोलायचे. तो आणि बॉबिन भरणारी त्याची बायको रंजना चार मागांपलीकडून खुणांनी भांडायचेसुद्धा. भुवया उडवल्या की 'काय झालं?', दोन मुठी जुळवून फाकवल्या की 'धागा तुटला'.

नव्या मालकाला बहिरा कारागीर नको होता. मेव्हण्याने बारडोलीला साखर कारखान्यात काम बघून ठेवलं, म्हणून कोसाडची खोली मोडून बिऱ्हाड निघालं. टेम्पो मित्राचा, चालवणार हिलाल. हिलालची आई उषाबाई, तिला केबिनमध्ये मळमळायचं. ती मागे गादीवर, मागच्या फळीला टेकून बसली. सोबतीला रंजना, केबिनला लागून. निघताना हिलालने ठरवून दिलं, केबिनवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. थापेचा हादरा त्याच्या पाठीला कळायचा.

पलसाणा सोडलं आणि एक ट्रक मागे लागला. इतका जवळ, की त्याच्या बंपरला लिंबाखाली बांधलेल्या मिरच्या सुकल्यात की ओल्या तेही दिसावं. हॉर्न असा की मढं उठून बसावं. हिलाल मात्र आपल्या तंद्रीत. आरशात त्याला बाहेर लोंबणाऱ्या दुसऱ्या गादीशिवाय काही दिसत नव्हतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या रस्त्यावर मागच्याला शहाणं व्हायला सवड कुठे?

रंजनाने ट्रकवाल्याला हाताने मागे सरायची खूण केली, मग हात जोडले. तो हसला आणि आणखी जवळ आला. मेल्याला घरी आई नसावी.

"वं पोरी, हिलालले सांग ना, गाडी बाजूले ले म्हनीसन!" उषाबाई ओरडली.

"कशी सांगू आत्याबाई? त्यास्ले आयकू येस का?"

थांब म्हणावं तर ट्रक अंगावर येणार. तिने दोन थापा दिल्या. चल, पळव! चालत्या गाडीला पुन्हा चल कशाला, ते हिलालला कळेना. त्याने खिडकीतून अंगठा दाखवला, सगळं ठीक. मागे कुणी लागलंय, याची थाप त्यांनी ठरवलीच नव्हती. रंजनाला रडू फुटलं. ती दोन्ही हातांनी केबिन बडवत सुटली.

एवढं बडवतेय म्हणजे आई पडली, असं हिलालला वाटलं. आईच्या काळजीनेच त्याने कचकन ब्रेक दाबला.

ट्रक फळी फोडून आत घुसला.

हिलाल कसाबसा खाली उतरला, तेव्हा भांडीकुंडी रस्ताभर झाली होती आणि ट्रकवाला उसात पळाला होता. रंजना उषाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याने लांबूनच भुवया उडवल्या.

रंजनाने रक्ताने भरलेल्या दोन मुठी जुळवल्या, आणि फाकवल्या.