मागे चौपन्न दाते

अठ्ठेचाळीस

"काढ ते," दादा म्हणाला. "ते गाडीला पळवतं. मला कुठे पळायचंय?"

बारकीने मागचं चाक सोडवून मांडीवर घेतलं. ती त्याची धाकटी बहीण. गॅरेज तिचं होतं, पण गिऱ्हाइकांसमोरही तो तिला बारकीच म्हणायचा आणि ती 'ओ' द्यायची. मोटरसायकल नवी कोरी होती. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चक्राला, अठ्ठेचाळीस दाते. मोकळ्या मैदानात धुरळा उडवायला ते ठीक. डोंगरातल्या वाटेवर, जिथे मुळं, धोंडे आणि हातभर जागेत घ्यायची वळणं, तिथे पहिला गिअरही फार वेगाचा पडायचा. मग क्लच अर्धा दाबून गाडीला आवरत बसायचं.

"मागे दोन दाते वाढवते. वेग कमी, जोर जास्त."

"की पुढचा एक कमी करतेस?"

"काम झटपट होतं, फरकही जास्त पडतो. पण चेन एवढ्याशा गोलात वळून वळून मरते."

"मग नको. चेनने काय घोडं मारलंय तुझं?"

मधे थोडं

दादा शर्यतीत कधी उतरला नाही. एरवी तो गावाच्या पाण्याचे वॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. वर्षातून एकदा क्लबची डोंगरातली शर्यत असे. आदल्या दिवशी तो एकटाच वाटेने जाई आणि झाडांना नारिंगी फिती बांधी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी चुकू नये. सगळे जाऊन आले की शेवटी पुन्हा तोच निघे आणि एकेक फीत सोडून आणी. पहिला तो, शेवटचाही तोच. बक्षिसांच्या फोटोत तो कधी नसे, कारण तेव्हा तो डोंगरात असे.

त्याची गाठ चपटी असायची. एक टोक ओढलं की फीत अलगद हातात.

पन्नास

"क्लच जड झालाय. केबल बघ."

तिने केबल बदलली.

महिन्याभराने: "अजून जडच आहे गं."

तिने आतल्या स्प्रिंगा पाहिल्या, तेल सोडलं. तो समोर स्टुलावर बसला होता. तिने दोन बोटांनी लिव्हर ओढून पाहिली. लोण्यासारखी आली. तिने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग आत गेला होता.

"थांब," ती म्हणाली, "अजून थोडं तेल घालते."

बावन्न

डॉक्टरांनी सांगितलं, नस मरत चालली आहे. आधी पंजा, मग हळूहळू वर.

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "कप धरवत नाही, आणि यांना डोंगर धरायचाय."

"कप सांडतो. डोंगर सांडत नाही," दादा म्हणाला.

"तुमच्यापुढे कोण बोलणार."

क्लबचा सेक्रेटरी घरी आला. फार वेळ हवापाण्याचं बोलला. मग बुटांकडे बघत म्हणाला, "काका, फितींचं या वेळी दुसऱ्या कुणाकडे देऊ म्हणतोय."

"पुढच्या वर्षी द्या. मी स्वतः सगळी वाट दाखवीन त्याला." दादाने डावा हात टेबलाखाली घेतला. "एवढी एक शर्यत माझ्याकडे राहू द्या. एक फीत कमी पडली तर तोंड दाखवणार नाही."

सेक्रेटरीने बारकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "गाडीचं मी बघते."

चौपन्न

एवढं मोठं स्प्रॉकेट तिने कुणाच्याच गाडीला बसवलं नव्हतं. जुनी चेन पुरेना, म्हणून लांब घातली. मागचं चाक थोडं पुढे-मागे करून ताण जुळवला. आता पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या पावलाने चालायची. एकदा सुटली की क्लचला हात लावायला नको, आणि चढावर बंद पडायला नको.

अंगणात दादाने एक फेरी मारली. वहिनी हातात केरसुणी घेऊन शेजारून चालली आणि पुढे निघून गेली.

"जिंकले मी," ती म्हणाली.

दादा इतका हसला की गाडी थांबवायची राहून गेली आणि तुळया रचल्या होत्या तिथे जाऊन टेकली.

बारकीने रात्री पडल्या पडल्या सगळी वाट डोळ्यांपुढून नेली. ओढ्याकाठचा चढ. मुळांचा चढ. कातळाचा चढ. सगळीकडे चौपन्न पुरत होतं.

उतार

दुसऱ्या दिवशी दुपारी हातावरचं ग्रीस पुसता पुसता ती थांबली.

जी गाडी एवढ्या जोराने ओढते, ती तेवढ्याच जोराने अडवते. उतारावर रेसची मूठ सोडली की इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवणार. शेवाळलेल्या दगडावर चाक फिरायचं थांबणार आणि नुसतं घसरणार. त्या क्षणी क्लच ओढून चाक मोकळं करावं लागतं. क्षणभरच.

चढाचं गणित तिने केलं होतं. उताराचं राहिलं.

दादा सकाळीच फिती बांधायला गेला होता. डोंगरात फोन लागत नाही, हे माहीत असूनही तिने तो लावला. लावत राहिली.

संध्याकाळी

तो चालत आला. डावी बाजू खांद्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"गाडी?"

"उताराच्या तोंडाशी. झाडाला टेकवलीय."

"पडलास?"

"बसलो."

"दादा, माझी चूक. मी उताराचा..."

"चढाला काय झकास चालली गं. एकदाही क्लचला बोट लावलं नाही."

ती चिंधीने त्याच्या बाहीवरचा चिखल पुसू लागली.

"फिती बांधल्यात," तो म्हणाला. "पुढच्या चालत बांधल्या. सेक्रेटरीला सांग, सगळ्या आहेत."

परत

शर्यत झाली. वाट कुणीही चुकलं नाही. सगळे खाली आल्यावर बारकी चालत वर निघाली.

"एकही मागे ठेवू नकोस," दादा खाटेवरून म्हणाला होता. "जुनी फीत पुढच्या वर्षी माणसाला चुकवते."

उतारापर्यंत गाठी नेहमीच्या होत्या. एक टोक ओढलं की मोकळ्या. तिथे गाडी टेकलेली होती. तिथून ती गाडी चालवत उतार उतरू लागली, फीत दिसेल तिथे थांबत. पहिल्याच धोंड्यावर मागचं चाक अडलं आणि घसरू लागलं. तिने दोन बोटांनी लिव्हर ओढली. चाक सुटलं. गाडी सरळ झाली.

दोन बोटं. एवढंच लागत होतं.

पुढच्या गाठी तशा नव्हत्या. एका फितीवर दातांच्या खुणा होत्या. तिच्या खालची नुसती फांदीला गुंडाळलेली. मग एक सालीच्या भेगेत खोचलेली. मग कमरेइतक्या उंचीवर एक, मग गुडघ्याइतक्या. तरी प्रत्येक फीत वळणाच्या आधी, दुरून दिसेल अशीच.

शेवटची ओढ्यापाशी होती. बांधलेली नव्हती. वाटेच्या कडेला सपाट खडकावर पसरून तिच्या टोकावर दगड ठेवला होता. एवढा दगड एका हाताने उचलता येतो.

बारकी तिथे थोडा वेळ बसली. मग तिने दगड उचलला.

दाते नाहीत

गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावून तिने फितींचा गुंता दादापुढे टेबलावर ठेवला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"ओढ्याजवळची?"

"ती पण."

"नव्या माणसाला सांग," तो म्हणाला, "उताराला फिती डावीकडच्या झाडांना बांध म्हणावं. उजवीकडे सावली असते, दिसत नाहीत."

"तूच सांग ना."

"सांगीन."

वहिनीने चहा आणून त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. त्याने एक फीत ओढून सरळ केली. मग उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरून उचलला, फितीच्या टोकावर दगडासारखा ठेवला, आणि दुसऱ्या टोकाकडून तिची गुंडाळी करू लागला.