जिन्यातला शॉट

"तो शॉट परत लावला नाहीत, तर मी तोंड उघडणार नाही. मग विका मुक्याची कॉमेंट्री!"

धाकट्याने खोलीत पाऊल टाकताच हे ऐकवलं. खुर्ची ओढायचीही वाट पाहिली नाही. गडी सत्तरीला टेकलेला, गुडघे उठता-बसता कुरकुरणारे, पण राग अजून पंचविशीतला. जन्मभर पिक्चर कापले आणि जोडले म्हणून धंद्यातली माणसं त्याला कात्री म्हणायची, आणि जीभही त्याच धारेची होती.

दादा आधीच येऊन बसला होता. त्याने मान वळवली नाही. समोर भिंतभर पडदा, दोन खुर्च्या, दोन माईक, आणि मागच्या काचेपलीकडे एक पोरगी. जुन्या पिक्चरचे उडालेले रंग परत आणायचं काम करायची, म्हणून दोघंही तिला रंगवालीच म्हणत. दोघं भाऊ एका खोलीत असे बसले त्याला किती वर्षं झाली, देव जाणे. वहिनी गेली तेव्हा धाकटा येऊन दारात उभा राहिला होता आणि उभ्या उभ्याच परतला होता. त्याला काही बसणं म्हणत नाहीत.

भांडण एका पिक्चरचं होतं. तरुणपणी दोघांनी मिळून केलेला एकुलता एक पिक्चर. दादाने दिग्दर्शन केलं, धाकट्याने संकलन. थिएटरात आठवडाभर टिकला, मग कॅसेटवर आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. नंतर डिस्क निघाली. आता एका कंपनीने मूळ निगेटिव्ह हुडकून एकेक फ्रेम नव्याने स्कॅन केली होती, ओरखडे पुसले होते, धूळ काढली होती. नवी डिस्क येणार होती, अगदी काचेसारखी स्वच्छ. वर दोघा भावांनी पिक्चर बघत बघत गप्पा मारायच्या, ती कॉमेंट्रीही डिस्कवर द्यायची, असं ठरलेलं. निगेटिव्ह मात्र आता आकसलं होतं, त्याला व्हिनेगरचा वास सुटला होता. पुन्हा यंत्रात घातलं तर तुकडे हातात येतील, असं रंगवालीने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे या वेळी जे डिस्कवर जाईल तेच मागे राहणार. आणि फाईल आजच संध्याकाळी डिस्क छापणाऱ्या कारखान्याकडे जायची होती.

तिनेच धाकट्याला चोरून फोन केला होता. "काका, तुम्हाला सांगू नका म्हणालेत, पण मोठ्या काकांनी जिन्यातला शॉट काढायला लावलाय."

जिन्यातला शॉट! धाकट्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अख्खा पिक्चर लोक विसरतील, पण तो शॉट नाही. पिक्चरमधली आई पाण्याने भरलेली बादली घेऊन जिना चढते, मधल्या वळणावर थांबते, सरळ आपल्याकडे बघते, मग उरलेल्या पायऱ्या चढून बादली दारात ठेवते. बस्स, एवढंच. पण त्या बघण्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. कुणी म्हणालं ती देवाला जाब विचारतेय, कुणी म्हणालं ती आपल्या सगळ्यांना विचारतेय. आणि ती नटी नव्हतीच. त्यांची आईच होती ती. नटीला द्यायला पैसे कुठे होते? दादाने आईलाच उभं केलं. पिक्चर लागायच्या आधीच ती हृदयाच्या दुखण्याने गेली.

त्या वेळीही दादाला तो शॉट नकोच होता. "काढ तो, चूक आहे ती, कॅमेऱ्यात बघतेय," म्हणून हटून बसला होता. धाकट्याने ऐकलं नाही. रीळ पिशवीत घालून दोन दिवस मित्राच्या घरी दडून बसला, आणि शॉट पिक्चरमध्ये राहिला. पुढे मुलाखती घेणारे दादाला विचारायचे, ती नजर तुम्हाला सुचली कशी हो? आणि दादा मूग गिळून गप्प बसायचा. एकदाही म्हणाला नाही की बाबांनो, तो माझ्या धाकट्याचा शॉट आहे. धाकट्याच्या हिशेबी ती सरळसरळ चोरी होती. आयुष्यात एक गोष्ट धड केली, तीही भावाने खिशात घातली. वर आता ती पुसायला निघाला!

"बोल ना," धाकटा म्हणाला. "का काढलास? तुझा नाही म्हणून?"

"धाकट्या, बस आधी."

"बसत नाही! कंपनीला दोघांचे आवाज हवेत ना? मग शॉट लाव. नाहीतर तुझं तुकडे पाडलेलं बाळ घेऊन जा कारखान्यात."

काचेपलीकडून रंगवालीचा आवाज आला. "मोठे काका, माईक चालू आहेत. बंद करू का?"

"नको," दादा म्हणाला. "चालू राहू देत. आणि तो शॉट दाखव याला. कापायच्या आधीचा."

"नक्की?"

"दाखव म्हटलं ना."

एवढ्या लवकर माघार? धाकट्याला हे पटेना. दादाला तो लहानपणापासून ओळखत होता. हा माणूस हरलेला डावसुद्धा शेवटच्या पत्त्यापर्यंत खेळायचा. धाकटा खुर्चीत बसला.

पडद्यावर जिना आला.

कॅसेटवर आईचा चेहरा म्हणजे नुसता पांढुरका डाग होता. डिस्कवर कुणा अतिशहाण्याने साफसफाईच्या नादात तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत करून टाकला होता. आता पहिल्यांदाच आई दिसली. कपाळावर चिकटलेले केस. बादलीच्या कडीने पांढरी पडलेली बोटं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि ओठ निळसर होते.

"ओठांचा रंग..." धाकट्याच्या तोंडून निघालं.

"मलाही तेच वाटलं होतं, काका," रंगवाली हळू आवाजात म्हणाली. "निगेटिव्हचा रंग उतरलाय असं समजून मी ते लाल केले. मग मागचीपुढची चित्रं ताडून पाहिली. भिंत बरोबर होती, लुगडं बरोबर होतं. रंग चुकला नव्हता."

आई वळणावर थांबली. तिने वर पाहिलं. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा हलले. या शॉटला आवाज नव्हताच. पावलं आणि पाण्याचं हिंदकळणं धाकट्याने मागाहून घातलं होतं. पण आता आवाजाची गरजच नव्हती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दोन शब्द होते.

पुरे आता.

मग ती उरलेल्या पायऱ्या चढली.

"पुन्हा लाव," धाकटा म्हणाला. रंगवालीने लावला. "पुन्हा." तिने पुन्हा लावला. शॉट तिसऱ्यांदा संपला, तेव्हा तिने चित्र आपणहून थांबवलं.

"ती देवाकडे बघत नव्हती," दादा म्हणाला. "माझ्याकडे बघत होती. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"उजेड जात होता."

धाकट्याच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो खुर्चीतून अर्धा उठला. म्हाताऱ्या भावाच्या थोबाडीत द्यावी, असं त्याच्या हाताला अगदी खरंच वाटलं. "उजेड जात होता? आईला श्वास घेता येत नव्हता आणि तुला उजेडाची पडली होती? माणूस आहेस का कोण आहेस रे तू?"

"त्यानंतर मी आणखी एकदा चढवलं तिला," दादा म्हणाला. आवाज चढला नाही, फुटलाही नाही. "आता तू मला हवं ते बोल. पण मुलाखतीत मी काय सांगायला हवं होतं ते सांग. नजर सुचली कशी, असं विचारायचे. काय सांगू?"

धाकटा धपकन खाली बसला.

"तेव्हा काढ म्हणालो, ऐकलं नाहीस. कारण सांगायची माझी छाती झाली नाही. आणि आता काढला तो तुझ्यासाठी. तुला दिसू नये म्हणून. म्हटलं, शिव्या घालेल, कोर्टात जाईल, काहीही करेल, पण हे बघणार नाही. पण तुझा नाही म्हणून काढलास का, असं विचारलंस, आणि मला लपवता येईना."

धाकट्याला एकदम ते संकलनाचं टेबल आठवलं. तळहाताएवढी काच. त्या काचेवर त्याने हा तुकडा पुढे नेला होता, मागे आणला होता, किती वेळा याला सुमार नव्हता. दादाने आईला एकदा पाहिलं होतं. त्याने महिनाभर पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी म्हटलं होतं, वा! आईच्या त्या तोंडाकडे बघून म्हटलं होतं, वा! त्याला भडभडून आलं. त्याने तोंडावर हात दाबला, तरी हुंदका बाहेर पडलाच.

दादाने माईक स्वतःकडे ओढला. "हा शॉट माझा नाही," तो माईकमध्ये म्हणाला. "निवडला माझ्या धाकट्या भावाने, राखला त्यानेच. मी आजवर बोललो नाही, आता बोलतोय." मग त्याने माईक बाजूला सारला. "घे. तुझा आहे. ठेवायचा की काढायचा, तूच सांग. मी सही करतो."

निम्मं आयुष्य धाकट्याने या वाक्याची वाट पाहिली होती. आता मिळालं, तर नकोसं झालं. काढ म्हणावं. एक शब्द, आणि संध्याकाळी फाईल गेली की संपलं. कापणं हा तर त्याचा धंदाच. लोक जुन्या डागाकडे बघून देवाबिवाचं लिहीत राहतील, आईचे निळे ओठ कुणाला दिसणार नाहीत.

"काका, कारखान्याचा फोन येतोय," रंगवाली म्हणाली. "काय सांगू?"

"काढ," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. आणि नजर पडद्यावरच्या आईकडे गेली.

"ठेव," तो म्हणाला.

दादाने चमकून पाहिलं. "वेडा आहेस का? सगळं जग बघेल."

"बघू दे! तिने सांगितलं होतं, दादा. तू ऐकलं नाहीस, मला कळलं नाही, आणि लोकांनी त्याची कविता केली. आता काढला तर तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होईल. ते माझ्याच्याने होणार नाही." त्याने डोळे पुसले आणि काचेकडे वळला. "पोरी, खाली बोलणं लिहून येतं ना, ऐकू न येणाऱ्यांसाठी? तिथे तिचं वाक्य घाल."

"पण तिथे आवाज नाहीये, काका."

"तेव्हाही नव्हता. तिने म्हटलं होतं तरी. घाल."

"कुणाच्या नावाने घालू? पिक्चरमधल्या बाईच्या?"

दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता एकदमच म्हणाले, "आई."

रंगवालीने टाईप केलं. शॉट सुरू झाला. आई बादली घेऊन चढत आली, वळणावर थांबली, तिने वर पाहिलं, आणि तिच्या पायाशी अक्षरं उमटली. आई: पुरे आता.

"कट," दादा म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, पण माईक चालू होता. रंगवालीचा हात सवयीने बटणावर गेला आणि चित्र थांबलं. आई वळणावरच उभी राहिली, भरल्या बादलीसकट.

"अगं, थांबवतेस काय?" धाकटा ओरडला. "चालू ठेव! तिला बादली खाली ठेवू दे."