गाडीची डावी बाजू

सोमवारी उमरग्याला जाऊन लेकीला माहेरी आणायचं ठरलं होतं. शिवलीलाचं पहिलं बाळंतपण, आठवा महिना लागलेला, आणि तिला आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाणार होतो. आयुष्यभर एसटी चालवली मी. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला, तो अजून बैठकीच्या भिंतीवर लटकतोय. नळदुर्ग-उमरगा रस्ता मी डोळे झाकून चालवीन, असं येईल त्याला सांगायचो. आता ते शब्द आठवले की अंगावर काटा येतो.

जायची तारीख याआधी दोनदा पुढे गेली होती. एकदा नागम्माला, म्हणजे आमच्या बायकोला, अमावास्या आडवी आली. "तू अमावास्या कधीपासून पाळायला लागलीस?" म्हणून मी ओरडलो, पण तिनं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा तिचं डोकं दुखायला लागलं. तिसऱ्यांदा मी हटूनच बसलो, तेव्हा तिनं वेगळंच काढलं.

"काय ओ, गाडी अशीच नेणार व्हय? व्याही काय म्हणतील? त्या बोअरच्या पाण्यानं अंगावर कोड फुटल्यागत दिसायलीय."

बोलली ते खोटं नव्हतं. गडद निळा रंग, त्यावर आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके. ड्रायव्हर माणसाला गाडीवरून बोललं की लागतं. मी म्हटलं, चमकवतो, घरीच चमकवतो, धुलाईवाल्याचं खरबरीत फडकं तिला लागू देणार नाही.

सामान आणायला निघालो तेव्हा गाडी काढू म्हटलं तर म्हणाली, पायी चला, पाय मोकळे होतील. वर माझा डावा दंड धरून चालायला लागली. या वयात, भर बाजारात! "सोड की, लोकं बघायलेत," मी म्हटलं. तिनं सोडला नाही. हायवेवरून ट्रक जात होते, मला वाटलं तिलाच भीती वाटत असेल.

हायवेला लागून नंदीशचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. पोरगा बोलतो चांगलं. "काका, भांड्याच्या साबणानं धुऊ नका, गाडीचा शाम्पू घ्या. धुतल्यावर हा क्ले बार फिरवा, मातीच्या गोळ्यागत असतोय, रुतलेली घाण उचलतोय. ओरखडा असल तिथंच ही घासायची पेस्ट, कंपाउंड, लावा, सगळीकडं न्हाय. मग पॉलिश. आन् कंपाउंड घासताना फडक्याला गाडीचा रंग आला की थांबा. वरचं पारदर्शक कव्हर गेलं म्हणून समजा, ते परत येत न्हाय."

"आन् शेवटी?" नागम्मानं विचारलं. तिला कधीपासून यात रस आला कुणास ठाऊक.

"शेवटी व्हॅक्स न्हायतर कोटिंग. व्हॅक्स लावलं की गाडी काढा. कोटिंग टिकतंय लई, पण आठवडाभर पाण्याचा थेंब पडू द्यायचा न्हाय. गाडी सावलीत उभी."

"आठवडाभर? त्येच द्या," नागम्मा म्हणाली.

"सोमवारी जायचंय!" मी तिच्यावर खेकसलो आणि व्हॅक्सचा डबा उचलला. बाहेर पडताना दुकानाच्या दाराची डावी चौकट खांद्याला लागली. हल्ली दारं अरुंद झाल्यासारखी लागतात. महिन्याभरापूर्वी एका सकाळी डोकं दगडासारखं जड होऊन उठलो होतो, पित्त म्हणून आल्याचा रस घेतला, तेव्हापासून जरा असं होतं.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी धुतली. आधी टपावरून, मग खाली. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, हातमोजा दर वेळी पाण्यात पिळून घ्यायचा. ठिपक्यांवर व्हिनेगर लावलं. नंदीशनं एक गंमत सांगितली होती. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवून पत्र्यावरून हात फिरवायचा, नुसत्या बोटांना कळत नाही ते पिशवीतून कळतं. उजव्या बाजूनं सुरुवात केली. ड्रायव्हरची बाजू. थोडी कचकच लागली, क्ले बार फिरवला, पत्रा काचेसारखा झाला. मी खूश झालो, शीळ घालायला लागलो.

मग वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. खरं सांगायचं तर या बाजूला मी जातच नव्हतो. मी उजवीकडून बसतो, उजवीकडून उतरतो. डावी बाजू नागम्माची.

पिशवीतला हात पुढच्या दारावर ठेवला आणि थबकलो. दार खरखरीत नव्हतं, चिरलेलं होतं. वाकून पाहिलं. पुढच्या चाकावरच्या पत्र्याला पिवळा पट्टा, कुठल्यातरी पुलाच्या कठड्याचा. दारावर पांढरा, चुन्याचा. त्याच्या खाली आणखी एक, काळपट. मागच्या बंपरचा कोपरा घासलेला. सगळे डावीकडेच, आणि एकही मला ठाऊक नव्हता.

आधी राग आला. कुणीतरी उभ्या गाडीला घासून गेलं असणार. गल्लीतली पोरं असणार. पंधरवड्यापूर्वी डावा आरसा दुमडलेला सापडला होता, तेव्हाही मी पोरांना आईबापावरून शिव्या घातल्या होत्या. पण पोरं पिवळा कठडा कुठून आणतील? मी रुमालानं मान पुसली आणि मागच्या दाराकडे सरकलो.

तिथं काचेच्या खालच्या बाजूला चारपाच बारीक रेघा होत्या. एकमेकींना लागून, वाकड्या, सगळ्या एकाच दिशेनं मागे गेलेल्या. असा ओरखडा दगडाचा नसतो, भिंतीचा नसतो. काच जिथं दारात उतरते त्या रबरात काहीतरी टोचलं. नखानं उकरलं तर हिरव्या काचेचा तुकडा हातात आला. बांगडीचा.

बाईमाणूस. कुठल्यातरी बाईच्या हाताला माझी गाडी घासून गेली होती, बांगड्या फुटेपर्यंत घासून गेली होती, आणि मला कळलंही नव्हतं. ती उभी राहिली का पडली? पडली तर मागचं चाक तिथंच येतं, दाराच्या लगेच मागे. मी गुडघ्यावर बसलो, चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला आणि चाचपडलो. कापड लागेल, केस लागतील, या भीतीनं डोळे मिटून चाचपडलो. चिखल आणि खडी होती.

कुठं झालं असेल? अणदूरच्या बाजारात? तिथं बायका टोपल्या घेऊन रस्त्यावरच बसतात. उमरग्याला डोहाळेजेवणाला गेलो तेव्हा? डोकं फुटेस्तोवर आठवलं. प्रत्येक रस्ता मोकळा आठवत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग मी जे केलं ते सांगायला नको, तरी सांगतो. तुकडा खिशात घातला, कंपाउंडचा डबा उघडला आणि त्या रेघा पुसायला बसलो. फडकं गोल गोल फिरवत होतो, जोर लावत होतो. पोलीस आले, गाडी बघितली तर? बिल्ला लावून मिरवणारा मी, सिद्रामप्पा, आणि दारावर बाईच्या बांगड्या! रेघा फिकट झाल्या, तसा आणखी जोर लावला. फडकं उलटून बघितलं तर निळं झालं होतं. नंदीशनं बजावलं होतं तिथपर्यंत मी पोचलो होतो, आणि रेघांमधली सगळ्यात खोल रेघ होती तशीच होती.

बसस्टँडवर कंट्रोलर असलेल्या शिवशरणला, माझ्या जुन्या दोस्ताला, फोन लावला. "आपल्या रोडवर इतक्यात काय झालंय का रं? कुण्या बाईमाणसाला उडवलं, पाडलं, असलं काय कानावर?"

"न्हाय बा. का?"

"काय न्हाय," म्हटलं आणि फोन ठेवला. कानावर आलं नाही म्हणजे झालं नाही असं थोडंच आहे.

"जेवायला चला," नागम्मानं हाक मारली.

जेवण जाणार नव्हतं, पण नाही म्हटलं तर तिनं कारण विचारलं असतं. पाटावर बसलो. भाकरी, पेंडपाल्याची घट्ट आमटी, भात. तिनं ताट ठेवलं, समोर बसली. मी भाकरी मोडली आणि नुसतंच चघळत राहिलो.

"आज कोशिंबीर न्हाय व्हय? चटणी सुदिक न्हाय," काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

तिनं हात पुढे करून माझं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. चटणी आली, लिंबाची फोड आली, काकडीची कोशिंबीर आली. ताटाची डावी बाजू भरलेली होती. माझ्या समोर होती. मी बघत होतो त्याच ताटात होती.

मी वर पाहिलं. ताट फिरवायला पुढे आलेल्या तिच्या हातात बांगड्या नव्या होत्या, काळपट हिरव्या, फुलं कोरलेल्या. आणि पदर सरकला तसं मनगटापासून कोपरापर्यंत पिवळं-जांभळं दिसलं.

"बांगड्या कवा बदलल्यास?"

"जुन्या वाढल्या."

"कशा?"

"कामात."

मी खिशातला तुकडा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. ती तुकड्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

"मागल्याच्या मागल्या रविवारी," ती म्हणाली. "तुमी अणदूरहून आलाव. म्या फाटक उघडून डाव्या अंगाला हुबी हुते, दरवेळी असते तशी. तुमी समोर बघत आलाव. म्या हात केला, हाक मारली. आरसा हाताला लागला तरी थांबला न्हाईत. म्या भिताडाला चिकटले म्हणून..."

"आन् सांगितलं न्हाईस?" मी ओरडलो. भीती वाटली की मी ओरडतोच, दुसरं काही येत नाही मला. "पंधरा दिवस तोंड शिवून बसलीस?"

"सांगून काय केलं असतंव? हेच. मलाच आंधळी म्हटला असताव आन् दुसऱ्या दिशी परत गाडी काढली असतीव." तिचा आवाज फाटला. "ताटातलं दिसत न्हाय तुमास्नी. चौकटीला धडकताव. म्या रोज बगायलेय. आन् सोमवारी तुमी माजी पोटुशी लेक डाव्या सीटवर बसवून आणणार. म्या कुणाला सांगू? जावयाला सांगू? तुमची आब्रू जाईल म्हणून न्हाय सांगितलं. अमावास्या काढली, डोकं दुखवलं. मग म्हटलं गाडी तरी घासत बसतील. जितके दिस घासतील तितके दिस ती दारात राहील."

म्हणून शाम्पू, म्हणून क्ले बार, म्हणून आठवडाभर न हलवायचं ते कोटिंग. मी आपला व्हॅक्सचा डबा घेऊन आलो होतो.

तरी मी मानलं नाही. मानणार कसा? ताट अर्धवट टाकून उठलो, गाडीत जाऊन बसलो, स्टिअरिंग धरलं. "ये," म्हटलं, "डाव्या दिव्यापाशी हुबी राहा. बघू मला कशी दिसत न्हाईस ते."

धुण्यासाठी गाडी फाटकाकडे तोंड करून लावली होती, समोर फाटकाची कडी होती. एसटीत शिकवल्याप्रमाणे नजर सरळ कडीवर ठेवली. बॉनेट दिसत होतं, सकाळी घासलेलं, आभाळ पडलेलं. फाटकाचा उजवा पल्ला दिसत होता.

"हुबी राहा की! कुठं गेलीस?"

"हितंच हाय."

"पुढं ये."

"बॉनेटवर हात ठेवलाय की, ओ."

तिच्या नव्या बांगड्या पत्र्यावर वाजल्या. आवाज अगदी जवळून आला, आणि तिथं कुणी नव्हतं. अंधार नव्हता, काळं काही नव्हतं. जग तिथंच संपत होतं आणि मला ते पुरं वाटत होतं. मी मान डावीकडे वळवली. नागम्मा उभी होती, दोन्ही हात बॉनेटवर टेकून, रडत.

मला उतरता येईना. आजवर एसटीत किती माणसं बसली, किती बायका कडेवर लेकरं घेऊन माझ्या पुढून गेल्या, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती. महिनाभर मी या अर्ध्या जगात भरधाव हिंडत होतो. त्या पिवळ्या पट्ट्याच्या जागी कुणीही असतं. सोमवारी शिवलीला असती.

बसल्या जागेवरून जावयाला फोन लावला. "राजशेखरराव, सोमवारी तुमीच आणून सोडा तिला."

"का, मामा? गाडीला काय झालं?"

"गाडीला न्हाय," मी म्हटलं. "मला. महिन्यामागं डोकं जड झालं त्या दिसापासनं डावीकडचं दिसत न्हाय. तिला सोडल्यावर मला सोलापूरला न्यायचं, डोक्याच्या डॉक्टरकडं. सोमवारी कशाला, आजच आलाव तर बरं हुईल."

किल्ली काढली. नागम्मा डाव्या बाजूनंच येत होती, तिच्या दाराकडे, रोजच्या सवयीनं. चार पावलं दिसली आणि मग पुन्हा दिसेनाशी झाली.

"तिकडनं नगं!" मी ओरडलो, आणि या वेळी ते खेकसणं नव्हतं. "हिकडं ये. मला दिसशील अशी हुबी राहा."

ती मागून वळसा घालून माझ्या दारापाशी आली. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि तो हात, कोपरापर्यंत जांभळा, तसाच धरून बसलो.