पक्क्या रंगातलं शून्य

"शकीलभाई, उठा पहिले! त्या स्टूलना एक पाय लंगडा शे, माहीत शे ना तुम्हले?"

मी गेटवरूनच ओरडले, पण त्यांनी मान वळवली नाही. एका हातात टर्पेंटाइनची बाटली, दुसऱ्या हातात चिंधी. दवाखान्याच्या दारातल्या काळ्या फळ्यावर अगदी खाली जे शून्य होतं, ते स्टुलावर बसून, वाकून घासत होते. बाकावर बसलेल्या पोटुशा बाया टकमक बघत होत्या. ते शून्य कुणाच्या हातचं आणि घासणारा माणूस कोण, हे मला ठाऊक होतं.

हा फळा म्हणजे आमच्या डॉक्टर हेमांगीबाईंचा हट्ट. दर महिन्याच्या सुरुवातीला त्या वर्षाचे आकडे चारचौघांसमोर लिहायचे. किती बाळंतपणं झाली, त्यात सिझेरियन किती, किती जणींचे टाके चिघळले, आणि सगळ्यात खाली, किती आया दगावल्या. नंदुरबारातल्या बाकीच्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. एक जण तर बाईंना तोंडावर म्हणाले, "ही काय मिरचीची आवक आहे, फळ्यावर लिहायला?" बाई म्हणाल्या, "मिरची घेणारासुद्धा ढीग उपसून बघतो. मग बाईनं काय डोळे मिटून यायचं?" मी, त्यांची सिस्टर, तिथेच उभी होते. मनात म्हटलं, वा गं माझी वाघीण!

बाईंचं अक्षर मात्र असं, की मेडिकलवाल्यानंही हात जोडावेत. म्हणून आकडे काढायला शकील पेंटर. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या ब्रशला गावात कुणी विचारत नव्हतं. आमच्या फळ्यावर ते खडूनं लिहायचे, कारण महिन्यानं पुसायचंच असायचं. पण साध्या खडूनंसुद्धा असे देखणे आकडे काढत की बघत राहावं. खालचं शून्य तेवढं वर्षानुवर्षं बदललंच नाही. मग एका रमजान ईदच्या आधी या गृहस्थानं काय करावं? ते शून्य पक्क्या ऑइलपेंटमध्ये काढलं. पांढरंशुभ्र, गरगरीत, वर कडेला लाल शेड.

"अहो, हे आता पुसायचं कसं?" बाईंनी विचारलं.

"पुसानं कामच पडाव नही, मॅडम. तुम्हना हात शे."

बाई रागावल्या, पण गालात हसल्या. मलाही ते शून्य आवडलं. खोटं कशाला बोलू?

पुढे शकीलभाईंची मुलगी यास्मीन पहिल्या बाळंतपणाला शहाद्याहून माहेरी आली. तिच्या आईच्या, नईमाभाभींच्या, मनात सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं, तिथे त्यांची मावसबहीण आया होती. शकीलभाईंनी ऐकलं नाही. भाभींना आमच्या दारात आणून फळ्यावरचं शून्य दाखवलं. "देख, मेरे हाथ का सिफर है," म्हणाले. बिचारीनं यास्मीनचं नाव आमच्याकडेच घातलं.

मुलगी झाली. आणि यास्मीनचं रक्त थांबेना. बाईंनी हरप्रकारे प्रयत्न केले, रक्ताच्या पिशव्या लावल्या. आता थांबेल, मग थांबेल, असं करत शेवटी धुळ्याला हलवायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये मीच होते. यास्मीनचा हात माझ्या हातात. "सिस्टर, तिनं नाक कोनासारखं शे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुन्हासारखं. वाटेतलं दोंडाईचा यायच्या आत तो हात थंड पडला.

महिना संपला. आकडे लिहायचा दिवस आला. आमचे मॅनेजर भिकनभाऊ, नात्यानं बाईंचे लांबचे मामा, केबिनमध्ये येऊन म्हणाले, "ती आठे मरनी का? रस्तामा मरनी. आपला बोर्डवर कशाले?" कागदावर 'पुढे पाठवली' असा शेरा होता, तोही खरा होता. मी बाईंकडे बघितलं. कुणाच्या बापाला न भिणारी ती बाई खिडकीबाहेर बघत बसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मग वरचे आकडे मीच वेडेवाकडे लिहिले. शून्य तसंच राहिलं. ते पुसलं तरी जाणार नव्हतंच. रोज त्याच्यासमोरून आत जाताना मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं.

यास्मीनचा चाळिसावा झाला आणि आज हे फळ्यापुढे स्टूल टाकून बसलेले.

भिकनभाऊ धोतर सावरत बाहेर धावले. "शकील, हाई काय करी ऱ्हायना तू?"

शकीलभाईंनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हाई बायतपन मोजी लिधं तुम्हीन. यामा मन्ही यास्मीन शे ना? मंग खाले काबर नही?"

"अरे बाबा, ती रस्तामा..."

"रस्तावर काय बोर्ड लायेल शे, भिकनभाऊ? तठे कोन लिखी तिले?"

बाकावरची एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडू लागली, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं तरी.

बाई केबिनमधून आल्या. फळ्यावर आता शून्याच्या जागी लालसर पांढरा चिखल झाला होता. बाई त्याच्याकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शकीलभाई, तिला धुळ्याला पाठवायला मी उशीर केला. माझ्यानं थांबेल असं मला वाटलं."

भिकनभाऊंनी कपाळाला हात लावला. शकीलभाई उठले, चिंधी फळ्यावर नीट फिरवून जागा साफ केली, रंगाचा डबा उघडला आणि ब्रश बुडवून बाईंपुढे धरला.

"तुम्ही लिखा."

"मी? माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे."

"चाली."

बाई गुडघ्यावर बसल्या. एकाचा आकडा उमटला तो तिरपा, खाली रंगाचा ओघळ आलेला. शकीलभाईंचा चिंधीचा हात सवयीनं पुढे झाला, आणि मागे आला. त्यांनी तो एक दुरुस्त केला नाही.

त्यानंतर आमचे बाक बरेच रिकामे राहू लागले. लोक गेटातून फळा वाचून परत जात, भिकनभाऊ दातओठ खात. बाईंनी फळा काढला नाही, पण हसणं सोडलं. नईमाभाभी नातीला, शिरीनला, डोस द्यायला आणतात, पण मागच्या दारानं. पुढून यायला त्यांचे पाय उचलत नाहीत.

जानेवारीत शकीलभाई आले. बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षाचा तो एक राहू द्या. नवीन वर्ष त्याच्या शेजारी लिहा."

त्यांनी बाकीचे आकडे पुसून नवे लिहिले. शेवटच्या ओळीत त्या तिरप्या एकाजवळ आले. पिशवीत रंगाचा डबा दिसत होता, म्हणून मी विचारलं, "पक्का रंग लयेल शेतस ना?"

"लयेल शे," ते म्हणाले. "पन हाई खडूनंच ऱ्हाऊ द्या, सिस्टर."

आणि त्यांनी शून्य काढलं. पहिल्यासारखंच गरगरीत, पण इतक्या हलक्या हातानं, की फळ्याजवळ गेल्याशिवाय ते दिसत नव्हतं.