पाळण्याचे पट्टे

मी वाळुंजाच्या लाकडाचा एक जुना पाळणा आहे. मित्रांनो, सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही, आणि जे आहे ते तुम्हाला सांगावे का, हेही मला नीट कळत नाही.

किर्गिझस्तानातल्या नारिन गावच्या एका सुताराने मला घडवले. तिथल्या बुरुल नावाच्या बाईची पाच मुले माझ्यातच वाढली. बाळ पडू नये म्हणून त्याचे हातपाय माझ्या रुंद पट्ट्यांनी बांधतात. पहिल्या दिवशी एखादी म्हातारी बाळाला मुद्दाम उलटे ठेवते आणि विचारते, ‘‘असं?’’ साऱ्या बायका हसून म्हणतात, ‘‘नाही, नाही.’’ मग बाळ सरळ होते. त्या दिवशी माझे फार कौतुक होई.

पुढे बुरुलच्या धाकट्या सुनेला, जिल्दीझला मुलगा झाला. बिचारी इस्पितळात दोन दिवस अडली होती. माझे पट्टे हातात घेतले की तिला घाम फुटे. ती बाळाला माझ्यात ठेवीचना.

‘‘सूनबाई, पोर जड झालंय का तुला?’’ बुरुल म्हणे. ‘‘मेंढ्या कुरणावर निघाल्या की मी नेते त्याला. तू बस भिंतीकडे बघत.’’

सुनेचे पहिले मूल आजीने वाढवायची आमच्याकडे रीतच आहे. तिला कुणी अडवले नसते.

दवाखान्यातल्या नाझिराताई दर आठवड्याला येऊ लागल्या. औषध नाही, सुई नाही. नुसत्या शेजारी बसत. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पहिल्या दिवसाच्या म्हातारीसारखे मुद्दाम चुकीचे विचारले, ‘‘बाळ आवडत नाही तुला. असं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग पाळणा जुना आहे म्हणून. असं?’’

‘‘नाही.’’ तिने माझ्या पट्ट्यांकडे बोट दाखवले. ‘‘इस्पितळात मला टेबलाला बांधलं होतं, ताई. पट्ट्यांनी. मी सोडा, सोडा म्हणत होते. डॉक्टर आपसात जेवणाचं बोलत होते.’’

नंतर कित्येक आठवडे ती तेच थोडे थोडे सांगत राहिली. कधी नुसतीच रडे. अखेर एके दिवशी तिने सासूलाही बोलावून सगळे सांगितले.

‘‘आमच्या वेळी सगळ्यांनाच बांधायचे,’’ बुरुल म्हणाली.

‘‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं, आई?’’

म्हातारी उठली आणि गाय बघायला निघून गेली.

कुरणाकडे बुरुलचा ट्रक निघाला तेव्हा नातू घरीच, आईच्या कुशीत होता. बुरुलने त्याला मागितले नाही. जाण्याआधी तिने मला उचलून सुनेच्या नजरेआड गोठ्यात ठेवले होते. जिल्दीझ अजून झोपेत दचकते म्हणे. माझ्यावर धूळ बसते. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, रिकाम्या पाळण्याशेजारी बसलेल्या आईला ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झालं’ असे म्हणू नका. तिला विचारा, आणि थांबा. बुरुलला पाच बाळंतपणांत कुणीही विचारले नाही. मी तिच्या उशाशीच होतो, पण मला वाचा नव्हती.