जतच्या मेंढीची अँटीबॉडी

नवऱ्याचं, देवदत्तचं, तेरावं झालं आणि चारुशीला कुपवाडच्या प्रयोगशाळेत कामावर हजर झाली. तिथले प्रमुख अवधूत सर म्हणाले, "थांबायचं होतंस घरी."

"मेंढीचं रक्त घ्यायची वेळ झालीय, सर."

पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांबलचक धागा घड्या घालून बसवणारं एक प्रथिन असतं. ते धाग्यावर नेमकं कुठे बसतं हे पाहायचं, तर फक्त त्यालाच चिकटणारी अँटीबॉडी हवी. शहाण्णव साली ती बाहेरून मिळेना, म्हणून चारुशीलाने ते प्रथिन शुद्ध करून जतजवळच्या धुळा धनगराच्या एका मेंढीला टोचलं होतं. आता मेंढीच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाली असावी.

ती एसटीने जतला गेली. धुळाने मेंढी गुडघ्यात धरली आणि तिच्याशी कानडीत बोलत राहिला. चारुशीलाने मानेवरची लोकर कातरून शिरेत सुई घातली. धुळाची बायको बनाबाई तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती.

"मालक?"

"गेले. कुपवाड रोडला ट्रकने उडवलं."

"कवा?"

"याच महिन्यात."

बनाबाईने पुढे होऊन मेंढीचे मागचे पाय धरले.

प्रयोगशाळेत चारुशीलाने पेशीतली प्रथिनं वेगवेगळी करून पातळ पडद्यावर उतरवली आणि त्यावर मेंढीच्या रक्तातला सीरम सोडला. पडद्यावर ठेवलेली फिल्म धुतल्यावर एकच काळी पट्टी उमटली, हवी तिथेच; अँटीबॉडी फक्त त्याच प्रथिनाला चिकटली होती. सरांनी साताऱ्याचे कंदी पेढे वाटले. दोन वर्षं ती याच पट्टीची वाट बघत होती. तिने फिल्म वाळत लावली आणि भांडी धुवायला घेतली.

"आता एकदाच सगळं रक्त काढून घे," सर म्हणाले. "मेंढी जगणार नाही, पण धुळाशी तसं ठरलंय."

"बरं."

ती पुन्हा जतला गेली. पहिली बाटली भरली. दुसरी लावायची, तर तिने सुई काढली आणि मेंढीच्या मानेवर कापूस दाबून धरला.

"समदं काढायचं हुतं न्हवं?" धुळाने विचारलं.

"नको. राहू दे कळपात. पुढच्या महिन्यात थोडं घेईन."

तिला मेंढीची कीव आली नव्हती. हात पुढे गेला नाही, एवढंच. सर चिडले. "उद्या ती मेली तर?"

"मेली तर मेली, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

ती दर महिन्याला जतला जात राहिली. सीरम पुण्याच्या प्रयोगशाळेलाही जाऊ लागला. एकदा बनाबाईने विचारलं, "घरी कोन असतंय?"

"सासूबाई."

"मग त्यास्नी घिऊन या की."

पुढच्या खेपेला ती सासूबाईंना घेऊन गेली. सासूबाई आणि बनाबाई बाभळीखाली बसून बोलत होत्या. काय बोलल्या, चारुशीलाने ऐकलं नाही; ती नळ्यांवर तारीख लिहीत होती. परतताना एसटीत सासूबाई देवदत्तच्या लहानपणाबद्दल सांगू लागल्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. चारुशीला रक्ताचा थर्मास मांडीवर धरून ऐकत राहिली. सांगली आली तरी सासूबाईंचं संपलं नव्हतं. मग दोघी रिक्षा न करता चालत घरी गेल्या.