खारमुळी उगाळणारी सहाण

मी एक जुनी सहाण आहे. सध्या करावे गावात, पिंपावरचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून मला त्यावर ठेवलेलं असतं. काम हलकं आहे, तक्रार नाही. पण मित्रांनो, माझा जन्म काही झाकण दाबायला झाला नव्हता.

पाथरवटाने मला घडवलं आणि पनवेलच्या बाजारातून पुतळाबाईने घरी आणलं. वेखंड, हळकुंड, जायफळ माझ्यावर उगाळलं जाई. बाळांची गुटी तर रोजचीच. पण माझा मान वाढला तो एका मुळीमुळे. खाडीत मासे धरताना कुणाला शिंगाळा माशाचा विषारी काटा लागला, की तो विव्हळत आमच्या ओट्यावर येई. पुतळाबाई खाडीच्या बांधावरून मुळी आणी, वाटेत कुणाशी बोलत नसे आणि दाराकडे पाठ करून उगाळी. लेप लागला की माणूस हळूहळू शांत होई. लोक तिच्या पाया पडत. माझ्या कुणी पडलं नाही, पण मला धुऊनपुसून देवाजवळ ठेवत.

मुळीचं नाव तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, अशी इथली समजूत.

एकदा ती बेलापूरला लेकीकडे गेली असताना तिच्या मुलालाच, नामाला, काटा लागला. सून गोजराने मला पुढ्यात घेतलं, पण उगाळायचं काय? नामा सकाळपर्यंत तळमळत राहिला. सासू परतल्यावर गोजरा म्हणाली, "आये, मना नाव तरी सांग. तू नसलीस तं आमी काय करायचा?"

"मरताना सांगेन गो. आताच सांगला तं गुन जाईल."

मला वाईट वाटलं. दगडाच्या तोंडावर ते दिसत नाही, इतकंच.

पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. ट्रक येऊन मुरूम ओतू लागले. तेव्हा कुठे पुतळाबाईला घाई झाली. ती गोजराला झाड दाखवायला घेऊन गेली. दोघी रिकाम्या हातांनी परतल्या. बांध भरावाखाली गेला होता.

"खारमुळी बोलतान तिला," पुतळाबाई मला मांडीशी घेऊन म्हणाली. "आता कोनालापन सांग."

"पन आये, ती दिसते कशी?"

"पाना बारीक. देठ लाल."

"तशी तं बांदावरची सगलीच हान."

पुतळाबाईने मला पदराने पुसून देवाजवळ ठेवलं. पुढे ती वारली.

आज खारमुळीचं नाव गावातली पोरंसोरंही सांगतात. झाड मात्र कुणालाच ओळखता येत नाही. गोजराला त्या लेपाचा वास तेवढा आठवतो. कुठे लाल देठ दिसला की ती मुळी आणते, माझ्यावर घासते आणि हुंगते. ही ती नव्हे, हे मला आधीच कळलेलं असतं. मग ती मला धुऊन पुन्हा झाकणावर ठेवते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला झाडपाला कळत असेल, तर नुसतं नाव विचारून गप्प बसू नका. त्यांच्याबरोबर बांधावर जा. बांध आहे तोवर जा.